निर्णयाची उंची

मनुष्याचा आपल्या डोळ्यांवर जेवढा विश्वास असतो, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशावर असेल. 'प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले' असे कोणी म्हटले की साक्ष पुरी झाली, असे आपण धरून चालतो. डोळ्यांच्या खालोखाल मान असतो तो शरीराच्या अंतःस्थ जाणिवेला. रात्री वीज गेली तरी ओळखीच्या घरात पाय आपोआप उंबरठा शोधतात. आपण उभे आहोत की कललो आहोत, हे सांगण्यासाठी आपल्याला आरसा लागत नाही. परंतु या दोन्ही साक्षीदारांना बाजूला बसवून, केवळ समोरच्या तबकड्यांच्या सांगण्यावरून, ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने जमिनीकडे येण्याची एक विद्या जगात आहे. ती आमच्या घरातील एका मुलीने शिकून घेतली. तिच्या शिक्षणाच्या निमित्ताने आम्हां उभयतांना जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही विमानविद्येतील अधिकारी व्यक्ती नव्हे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात, गुणवत्ता तपासणी विभागात, आमची तीस वर्षे गेली. व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि नाना प्रकारची गेजे हीच आमची दौलत. भोकाचे माप तपासण्याचे एक साधे प्लग गेज असते. त्याला दोन टोके असतात. 'गो' हे टोक भोकात गेलेच पाहिजे आणि 'नो-गो' हे टोक जाता कामा नये. तपासनिसाचे वय, अनुभव, मनःस्थिती यांचा तेथे संबंध येत नाही. माल गाडीत चढवायची घाई असली, वरिष्ठ डोक्यावर उभे असले, तरी नो-गो टोक आत गेले की नग नापास. हा उल्लेख एवढ्याचसाठी केला की, लेकीची विद्या आम्हांला जी थोडीफार समजली, ती या गेजांच्या आधारानेच समजली.

आमचे घर पुंडलिकनगरात. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहरात नळाला पाणी येण्याचा दिवस हा घरादाराचा कार्यक्रम असतो. टाकी भरेपर्यंत कोणीतरी गच्चीवर थांबावे लागते. ते काम लहानपणापासून लेकीकडे असे. चिकलठाण्याच्या विमानतळावर ये-जा करणारी विमाने त्या गच्चीवरून दिसतात. टाकी भरून वाहू लागली तरी हिचे डोळे आकाशात, अशी तक्रार आमच्या सौ. नेहमी करीत. ते वेड वयाबरोबर ओसरेल अशी आमची समजूत होती. ते ओसरले नाही.

या शहराच्या आकाशाशी दोन आठवणी जोडलेल्या आहेत. १ जानेवारी १९९० रोजी निवेदिता भसीन या अवघ्या सव्वीस वर्षांच्या महिला वैमानिकाने इंडियन एअरलाइन्सच्या जेट विमानाचे कप्तानपद प्रथम सांभाळले, ते मुंबई-औरंगाबाद-उदयपूर या मार्गावर. तत्पूर्वी १९८५ साली सौदामिनी देशमुख या मराठी वैमानिकेने त्यांच्याच सोबतीने, केवळ महिला वैमानिक असलेले फोकर विमान कलकत्त्याहून सिलचरला नेले होते. लेकीने ही दोन्ही नावे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली होती. दुसरी आठवण मात्र काळी आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग विमान चिकलठाण्याहून उडताच धावपट्टीच्या टोकापलीकडील रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले आणि पुढे जाऊन कोसळले. ११८ जणांपैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. त्या दुपारचा हलकल्लोळ या शहरातील आमच्या पिढीच्या कानांत अजून आहे.

त्यामुळे बारावीनंतर लेकीने वैमानिक होण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हा तिच्या वहीत निवेदिता भसीन होत्या आणि तिच्या आईच्या डोळ्यांपुढे तो एप्रिल होता. "बाळा, डॉक्टर हो, शिक्षिका हो. जे काय करायचं ते जमिनीवर राहून कर," एवढेच सौ. म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. पुढे पुष्कळ दिवस घरात या विषयावर कोणी बोलत नसे. अखेर सौ. स्वतःच म्हणाल्या, "शिकू दे तिला. पण ती काय शिकते, ते मला समजलं पाहिजे." ही अट लेकीने आनंदाने मान्य केली आणि अक्षरशः पाळली.

भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय तिने बारावीला घेतलेच होते. पुढे वैद्यकीय तपासणी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या लेखी परीक्षा, व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण, अशी ती लांबलचक वाट. महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर अशा ठिकाणी हे शिक्षण देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या आहेत. अशाच एका संस्थेत तिला प्रवेश मिळाला. घराची कागदपत्रे बँकेत गेली. उरलेली रक्कम आमच्या थोरल्या भगिनीने, म्हणजे लेकीच्या आत्याने, आपल्या भविष्यनिर्वाह निधीतून काढून दिली. आकाशातील प्रत्येक तासाला पैसा मोजावा लागतो आणि तो कोणाच्या घामाचा आहे, हे लेकीला पक्के ठाऊक होते. ही गोष्ट पुढच्या प्रसंगासाठी वाचकांनी ध्यानात ठेवावी.

प्रारंभीचे शिक्षण स्वच्छ आकाशातले असते. क्षितिज दिसते, नदी दिसते, रेल्वेचे रूळ दिसतात. खरा पालट होतो तो उपकरणांच्या आधारे उडण्याचा भाग सुरू झाल्यावर. यासाठी स्वतंत्र मानांकन मिळवावे लागते. त्याला चाळीस तासांचा उपकरण-उड्डाणाचा अनुभव लागतो आणि त्यातील जास्तीत जास्त वीस तास जमिनीवरील सिम्युलेटरमधले चालतात. एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न आमच्या मनात होता. त्याचे उत्तर कानात दडलेले आहे, हे लेकीने आम्हांला सांगितले.

आपल्या अंतःकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतील द्रव हलला की आपण वळत आहोत, हे मेंदूला कळते. परंतु विमान एकाच गतीने वळत राहिले, तर वीसेक सेकंदांत तो द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि वळण्याची जाणीव नाहीशी होते. वैमानिकाला वाटते, आपण सरळ चाललो आहोत. त्या अवस्थेत विमान खरोखरच सरळ केले, तर शरीर ओरडून सांगते की आपण उलट्या बाजूस कललो. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक सावरतात. ढगात किंवा धुक्यात डोळ्यांनाच काही दिसत नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली उपकरण-उड्डाणाचा अनुभव नसलेल्या वीस वैमानिकांवर एक प्रयोग झाला. बाहेरचे दिसेनासे होताच वीसच्या वीस जणांचा विमानावरील ताबा सुटला. त्याला लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद, म्हणजे पुरती तीन मिनिटेही नाहीत. मात्र त्या प्रयोगाचा खरा हेतू निराळा होता. उपकरणांकडे पाहून शांतपणे अर्धे वर्तुळ घ्यावे आणि ढगातून आल्या वाटेने बाहेर पडावे, एवढा एकच धडा त्या वैमानिकांना नंतर देण्यात आला आणि तो जवळजवळ प्रत्येक वेळी यशस्वी झाला. परत फिरणे हीसुद्धा शिकण्याची आणि शिकविण्याची विद्या आहे, ही गोष्ट आम्ही तेव्हा प्रथम ऐकली.

या विद्येचे वय शंभर वर्षांच्या आतले आहे. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेत जिमी डूलिटल यांनी विमानातील आपली जागा आच्छादनाने पूर्ण झाकून घेतली आणि केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करून विमान परत उतरविले. दुसरा वैमानिक सावधगिरीसाठी सोबत होता, पण त्याला हात लावावा लागला नाही. आजच्या विद्यार्थ्यालाही असेच आच्छादन वापरावे लागते. त्याला हूड म्हणतात. टोपीच्या पुढच्या झडपेसारखा तो डोळ्यांवर आला की समोरच्या तबकड्यांखेरीज काही दिसत नाही. शेजारी बसलेले शिक्षक बाहेर लक्ष ठेवतात.

लेक सुटीत घरी आली की स्वयंपाकघराच्या भिंतीवर तबकड्यांचे मोठे चित्र लावी. वेगमापक, कृत्रिम क्षितिज, उंचीमापक, वळण दाखविणारी तबकडी, दिशा दाखविणारी तबकडी आणि चढ-उताराचा वेग सांगणारी तबकडी. समोर खुर्ची टाकून ती बसे आणि आईला म्हणे, "मम्मी, तू आकडे सांग." सौ. पोळ्या लाटता लाटता सांगत, "उंची दोन हजार शंभर. वेग नव्वद. दिशा पंच्याऐंशी." लेक लगेच सांगे की आता कोणता हात किती हलवायचा. नजर एका तबकडीवर खिळता कामा नये. कृत्रिम क्षितिजापासून निघून ती दुसऱ्या तबकडीवर जाते, परत क्षितिजावर येते आणि तिसरीवर जाते. असे अखंड चालते. महिनाभरात सौ. मुद्दाम विसंगत आकडे सांगू लागल्या. क्षितिज म्हणते विमान सरळ आहे, पण दिशा तर बदलते आहे, मग खोटे कोण बोलते? असे कोडे घातले की मुलगी हसे, पण उत्तर देताना गंभीर होई. ज्या आईला विमानाचा आवाज ऐकून धडकी भरत असे, तीच आता लेकीची परीक्षा घेत होती.

हे कोडे पोरखेळ नव्हते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'एम्परर अशोका' हे जंबो जेट मुंबईहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात कोसळले. विमानातील २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. उजवे वळण घेऊन विमान सरळ झाले, तरी कप्तानापुढील कृत्रिम क्षितिज ते उजवीकडे कललेलेच दाखवीत राहिले. ते सरळ करण्यासाठी विमान डावीकडे वळविले गेले आणि वळतच गेले. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, त्यामुळे डोळ्यांची साक्ष नव्हती. सहवैमानिकासमोरचे उपकरण आणि मध्यभागी असलेले राखीव उपकरण मात्र खरे सांगत होते.

आमच्या कारखान्यात प्रत्येक गेजवर तारखेची चिठ्ठी असे. ठरलेल्या मुदतीत ते मूळ प्रमाणाशी ताडून पाहिले नसेल, तर त्याने मोजलेले माप ग्राह्य धरीत नसत. उपकरणावर विश्वास ठेवावयाचा तो असा, दुसऱ्या साक्षीने पारखून. लेकीलाही दिशेची तबकडी दर पंधरा मिनिटांनी चुंबकीय होकायंत्राशी जुळवून घ्यावी लागे, कारण ती हळूहळू सरकते. हे तिने सांगितले, तेव्हा आम्हांला आमच्या विभागातील माणूस भेटल्यासारखा आनंद झाला.

आता उतरण्याच्या पद्धतीविषयी थोडे सांगितले पाहिजे. ज्या विमानतळावर आयएलएस नावाची यंत्रणा असते, तेथे धावपट्टीवरून दोन अदृश्य वाटा रेडिओलहरींनी आखलेल्या असतात. धावपट्टीच्या पलीकडल्या टोकाशी असलेला लोकलायझर डावे-उजवे सांगतो. मध्यरेषेच्या एका बाजूस त्याच्या लहरीवर ९० हर्ट्झचा सूर चढविलेला असतो, दुसऱ्या बाजूस १५० हर्ट्झचा. दोन्ही सूर सारखेच मिळू लागले की विमान मध्यरेषेवर आले असे समजावे. अलीकडल्या टोकाजवळ धावपट्टीच्या कडेला असलेली दुसरी यंत्रणा याच रीतीने वर-खाली सांगते. तिची वाट जमिनीशी साधारण तीन अंशांचा कोन करते, म्हणजे प्रत्येक सागरी मैलामागे सुमारे तीनशे फूट खाली यावयाचे. वैमानिकापुढे या दोन वाटांच्या दोन सुया असतात. त्या मधोमध फुलीसारख्या राहिल्या पाहिजेत. विमान जसजसे जवळ येते तसतशी वाट अरुंद होते आणि सुया अधिक चपळ होतात. दूरवर जी चूक सावकाश सुधारता येते, ती जवळ आल्यावर अगदी हलक्या हाताने सुधारावी लागते. शिकाऊ विद्यार्थी घाबरून सुईच्या मागे धावतो आणि विमान डावीउजवीकडे डुलू लागते. लेकीचे पहिले दोन-तीन आठवडे या डुलण्यातच गेले. 'सुईचा पाठलाग करू नका, दिशा धरा आणि सुईला तुमच्याकडे येऊ द्या,' असे तिचे शिक्षक सांगत.

या वाटा आखण्याचे मोल आपल्या सह्याद्रीने दाखविलेले आहे. ७ जुलै १९६२ रोजी अलितालिया कंपनीचे विमान रात्री मुंबईला उतरण्यासाठी येत असता जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि ९४ जण प्राणांस मुकले. मुंबई तेथून ऐंशी किलोमीटरहून अधिक दूर होती. मार्गगणनेतील चुकीमुळे वैमानिकास आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो असे वाटले आणि विमान वेळेपूर्वीच खाली आणले गेले, असा चौकशीचा निष्कर्ष होता. आपण कोठे आहोत याची खात्री होण्याआधी खाली यावयाचे नाही, हा धडा तेव्हापासून प्रत्येक पिढीने पुन्हा गिरविला आहे.

परंतु या दोन वाटा विमानाला थेट धावपट्टीपर्यंत पोहोचवीत नाहीत. साध्या प्रकारच्या आयएलएसमध्ये जमिनीपासून २०० फुटांवर एक अदृश्य उंबरठा असतो. त्याला 'डिसिजन हाइट', म्हणजे निर्णयाची उंची म्हणतात. धावपट्टी समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर असेल, तर उंचीमापकावर हा आकडा बाराशे असतो. तेथे पोहोचताच नजर वर करावयाची. धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरावयाचे. दिसले नाहीत तर त्याच क्षणी इंजिनाला पूर्ण शक्ती देऊन वर जावयाचे. दोनशे फूट म्हणजे वीसेक मजल्यांची उंची. लहान विमानाला तेथून जमीन गाठावयास पंचवीस-तीस सेकंद पुरतात. सरावात हूड काढावयाचा की नाही, हे शिक्षक त्या क्षणापर्यंत सांगत नसत. कधी म्हणत, "धावपट्टी दिसते आहे," आणि हूड काढला की ती समोर असे. कधी काहीच बोलत नसत. ते गप्प राहिले की वर जावयाचे.

आणखी एक शिस्त आम्हांला फार मोलाची वाटली. खाली यावयास सुरुवात करण्यापूर्वी विद्यार्थ्याने सारी पद्धत मोठ्याने म्हणावयाची असते. रेडिओची लहर कोणती, दिशा कोणती, निर्णयाची उंची किती, आणि उतरता आले नाही तर किती फुटांपर्यंत चढून कोणीकडे वळावयाचे. उतरण्याचे प्रयत्न सुरू होण्याआधीच परत जाण्याची वाट पाठ केलेली असते. घरी सराव करताना लेक शेवटचा भाग विसरली, तर सौ. लाटणे उगारून म्हणत, "आणि नाही उतरता आलं तर?"

डिसेंबरातील एका सकाळी ते खरोखरच घडले. लेकीच्या मानांकनाची अंतिम तपासणी दुसऱ्या एका विमानतळावर ठरली होती. परीक्षक तेथेच येणार होते. ती शिक्षकांसह पहाटे निघाली. निघताना तिकडील हवामान नियमात बसणारे होते. पोहोचेपर्यंत धुके दाटू लागले. तिने पद्धत म्हणून दाखविली आणि विमान खाली आणले. दोन्ही सुया मधोमध होत्या. तिच्या म्हणण्याप्रमाणे इतकी सुरेख उतरण तिने सरावातही कधी साधली नव्हती. ठरलेल्या आकड्यावर तिने नजर वर केली. पुढे केवळ पांढरे होते. शिक्षकांचे हात त्यांच्या गुडघ्यांवर होते आणि ते काहीच बोलले नाहीत. तिने थ्रॉटल पुढे केला, नाक उचलले आणि विमान वर नेले. राखून ठेवलेल्या इंधनावर ती दोघे दुसऱ्या विमानतळावर उतरली. धुके वितळेपर्यंत परीक्षक पुढच्या कामाला निघून गेले होते. तपासणीची पुढची तारीख महिन्याभराने मिळाली. त्या महिन्याचा राहण्याचा खर्च, हात मोडू नये म्हणून करावयाचे सरावाचे तास आणि बँकेचे व्याज हे सारे अंगावर आले.

नाताळसाठी ती घरी आली, तेव्हा आत्याही आली होती. मध्यरात्रीची मिस्सा झाली, दुसऱ्या दिवशी जेवणे चालली असता हा विषय निघाला. आत्याचा जीव भाचीवर फार, पण व्यवहाराला ती चोख. तिने विचारले, "अगं, एवढी खाली आलीच होतीस, तर आणखी पन्नास फूट आली असतीस. दिसली नसती का धावपट्टी?"

"दिसली असती कदाचित, आत्या," लेक म्हणाली. "कदाचित नसतीही दिसली. पण ते बघायला खाली जायचं नाही, एवढंच तर आम्हाला शिकवतात."

"पण सगळं बरोबर चाललं होतं ना तुझं?"

"म्हणूनच मोह होतो. तो आकडा मी पहाटे खोलीत बसून लिहिला होता. तेव्हा डोकं शांत होतं. वर गेल्यावर परीक्षा आठवते, पैसे आठवतात, तुम्ही सगळे आठवता. तेव्हा माझं माप खरं राहत नाही. म्हणून तो आकडा वर बदलायचा नसतो."

आत्या काही बोलली नाही. तिने भाचीच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि 'तुझ्या पुढच्या महिन्याचे माझ्याकडून' एवढेच म्हणाली. आम्ही जेवता जेवता थांबलो होतो. नो-गो गेजमागचे सारे शहाणपण तीस वर्षे हाताळूनही आम्हांला इतक्या थोड्या शब्दांत कधी सांगता आले नव्हते.

अनुभवाने हा मोह जात नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी, करोनाच्या काळात परदेशी अडकलेल्यांना मायदेशी आणणारे एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान भर पावसात कोळिकोडला आले. त्याचे सारथ्य नागपूरच्या कुटुंबातील, हवाई दलात दीर्घ सेवा केलेले कॅप्टन दीपक साठे यांच्याकडे होते. पहिल्या प्रयत्नात ते रीतसर परत वर गेले. दुसऱ्या प्रयत्नात, वारा पाठीशी असताना, विमान जवळपास अर्धी धावपट्टी मागे टाकून टेकले आणि टोकापलीकडील उतारावर कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा अंत झाला. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याविषयी सुचविले होते आणि तसे होणे आवश्यक होते, असे चौकशी अहवालाने नोंदविले. एका कर्तबगार वैमानिकाविषयी मनात आदर ठेवूनच हे लिहीत आहोत. एकदा परत फिरलेल्या माणसाला दुसऱ्यांदा परत फिरणे किती जड जात असेल, याचा विचार आपण जमिनीवर बसणाऱ्यांनीही करावा. विमानाला उशीर झाला म्हणून काउंटरवर आवाज चढविणारे आपणच असतो.

यंत्रे दिवसेंदिवस सुधारत आहेत. आपल्या देशाने गगन ही उपग्रहाधारित मार्गदर्शन यंत्रणा उभी केली. एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचे एक विमान तिच्या आधाराने राजस्थानात किशनगढला उतरले. जेथे आयएलएसची महागडी यंत्रणा बसविणे शक्य नाही, अशा छोट्या विमानतळांना याचा मोठा आधार आहे. तथापि त्या पद्धतीच्या नकाशावरही निर्णयाच्या उंचीचा आकडा छापलेला असतोच. वाट आकाशातून आखली काय किंवा जमिनीवरून आखली काय, तो आकडा पाळण्याचे काम माणसाकडेच राहते.

आमच्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल की, लोरेटोची पवित्र मरिया ही वैमानिकांची आश्रयदाती आहे. नाझरेथ येथील पवित्र घर हवेतून इटलीत लोरेटो येथे आणले गेले, या परंपरेला अनुसरून पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी २४ मार्च १९२० रोजी तसे घोषित केले. रोझरीनंतर आपण जी मरियेची लितानी म्हणतो, ती याच लोरेटोच्या नावाने ओळखली जाते. सौ.नी लोरेटोमातेचे छोटे मेडल लेकीच्या उड्डाणाच्या बॅगेत शिवून टाकलेले आहे. पूर्वी त्यांची प्रार्थना एकच असे: मुलगी सुखरूप खाली येऊ दे. त्या नाताळानंतर त्यांनी तिच्यात भर घातली. ज्या दिवशी खाली येणे योग्य नसेल, त्या दिवशी तिला परत वर जाण्याची बुद्धी दे, असे त्या आता मागतात. अपघाताचे भय त्यांच्या मनातून गेले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या भयाला आता मागणे काय करावयाचे ते समजले आहे.

जानेवारीत तपासणी झाली आणि लेकीला मानांकन मिळाले. विमान कंपनीतील नोकरीची वाट अजून दूर आहे. तिच्यासाठी वेगळे शिक्षण आणि वेगळा खर्च आहे, आणि बँकेचे हप्ते चालूच आहेत. मध्यंतरी तिने आम्हांला आपले लॉगबुक पाहावयास दिले. त्यात अनेक उड्डाणांच्या नोंदी आहेत: निघाले कोठून, उतरले कोठे, किती तास, किती उतरणी. त्या डिसेंबरातील दिवसाच्या ओळीत, जेथे जावयाचे होते त्या गावाचे नावच नाही. जेथे उतरली तेवढेच लिहिलेले आहे, आणि शेजारी शिक्षकांची सही आहे.